हातातला स्कोप घेण्याआधी ग्राउंडची क्लिप कुठे लावणार ते ठरवा

नमस्कार. निपाणीत तुमचं इन्व्हर्टर, यूपीएस आणि वॉशिंग मशीनचे बोर्ड दुरुस्त करायचं दुकान आहे. वर्षभरापासून व्हीएफडी ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारी यंत्रं, आणि सोलर पंपाचे कंट्रोलरही यायला लागलेत. आता ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारा, पुढे नुसता स्कोप), मल्टिमीटर आणि सिग्नल जनरेटर तिन्ही एकात असलेलं, बॅगेत टाकून नेता येईल असं यंत्र घ्यायचंय. दहा-पंधरा हजारांत बसावं, १० मेगाहर्ट्झ पुरेल का, आणि फ्निर्सी, ओवॉन की हँटेक, एवढं तुम्ही विचारलंत.

मी बेळगावात उद्यमबागेच्या पट्ट्यात गेली बावीस वर्षं ड्राइव्ह आणि पॉवर सप्लाय दुरुस्त करतो. तिन्ही कंपन्यांची यंत्रं हाताखालून गेली आहेत. मॉडेलचं नाव सांगतोच, पण थोडं पुढे. तुमच्या प्रश्नात मला मेगाहर्ट्झपेक्षा जास्त खटकलं ते हे, की तुम्ही इन्व्हर्टर आणि व्हीएफडी एकाच वाक्यात लिहिलेत. दुरुस्ती करणाऱ्याला ती दोन कामं सारखी वाटतात, स्कोपला ती सारखी नसतात. फरक आहे तो प्रोबच्या काळ्या क्लिपचा, म्हणजे ग्राउंड कुठे लागणार याचा.

घरगुती इन्व्हर्टर घ्या, सेंटर टॅप ट्रान्सफॉर्मरचा, १२ व्होल्ट बॅटरीवरचा. त्यात दोन्ही बाजूंच्या मॉस्फेटचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचांचे, सोर्स बॅटरीच्या मायनसला असतात. पहिल्या चॅनेलची क्लिप मायनसला, दुसऱ्याचीही मायनसला, आणि दोन्ही टोकं दोन बाजूंच्या गेटवर, म्हणजे स्विच चालू-बंद करणाऱ्या पायावर. पडद्यावर दोन चौकोनी लाटा एकमेकींच्या उलट दिसतात, एक वर तेव्हा दुसरी खाली, मध्ये थोडी मोकळी जागा. एका बाजूची लाट गोलसर चढत असेल तर गेट रेझिस्टर किंवा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर बघायचा. दहा मिनिटांचं काम. इथे कुठलाही स्वस्त थ्री-इन-वन स्कोप उत्तम चालतो, आणि धोका म्हणाल तर बॅटरी शॉर्ट करायचा, तेवढाच.

आता ड्राइव्ह घ्या. ४१५ व्होल्ट थ्री फेजवर आतला डीसी बस, म्हणजे एसीचा डीसी करून साठवलेली लाइन, साधारण ५६० ते ५९० व्होल्टचा. यात स्विचचं काम आयजीबीटी करतात, दोन-दोनच्या जोडीत, एक वर एक खाली. खालच्या आयजीबीटीचा एमिटर बसच्या मायनसला. वरच्या आयजीबीटीचा एमिटर मात्र मोटरला जाणाऱ्या यू टर्मिनलला, आणि ते टर्मिनल सेकंदाला हजारो वेळा शून्यावरून ५६० वर आणि परत खाली उडत असतं.

सहा-सात वर्षांपूर्वी बेळगावजवळच्या मच्छ्यातल्या एका युनिटमधून साडेसात किलोवॅटचा ड्राइव्ह आला होता. माझ्याकडे शिकायला असलेल्या मुलाला वरचा आणि खालचा गेट एकत्र बघायचा होता. विचार बरोबरच होता, दोन पल्समधला डेड टाइम, म्हणजे दोन्ही स्विच बंद असण्याची फट, बघायचा तर दोन्ही एकत्रच बघावे लागतात. त्याने पहिल्या चॅनेलची क्लिप यू टर्मिनलला लावली, दुसऱ्याची बसच्या मायनसला. स्कोप बॅटरीवरचा होता, म्हणून तो निर्धास्त होता. रनचं बटण दाबलं आणि वरचा आयजीबीटी चालू झाला त्या क्षणी सगळा बस स्कोपच्या ग्राउंडमधून शॉर्ट झाला. कारण दोन्ही चॅनेलची काळी क्लिप स्कोपच्या आत एकच वायर असते. आवाज झाला, क्लिपच्या वायरचं प्लास्टिक आतून फुगून फाटलं, टर्मिनलवर क्लिपचे दात होते तिथे काळा खड्डा उरला, मॉड्यूल गेलं आणि स्कोपही गेला. मुलाचा हात बटणावर होता, स्कोपवर नव्हता, म्हणून तो वाचला. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर एक नियम आहे: दोन प्रोब लावल्या तरी काळी क्लिप एकच, दुसरी काढून ड्रॉवरमध्ये.

बॅटरीवरचा स्कोप अर्थशी जोडलेला नसतो, हे खरं. पण तो अर्थशी जोडलेला नाही म्हणजे त्याचे दोन चॅनेल एकमेकांपासून सुटे आहेत असं नव्हे. स्वस्त यंत्रांच्या जाहिरातीत ही गोष्ट कधी लिहिलेली नसते. प्रत्येक चॅनेल सुटा असलेले हातातले स्कोप मिळतात, फ्लूकची स्कोपमीटर १९० मालिका तशी आहे, पण ती लाखांच्या हिशोबातली वस्तू झाली. तुमच्या-माझ्यासारख्याला त्यावर उपाय म्हणजे डिफरन्शियल प्रोब. तिच्या दोन टोकांपैकी कुठलंच ग्राउंड नसतं, दोन्हींतला फरक तेवढा ती स्कोपला देते. मिकसिगची डीपी१००१३ ही १,३०० व्होल्टपर्यंतची आणि १०० मेगाहर्ट्झची प्रोब मी वापरतो. तिच्याशिवाय वरच्या गेटला मी हात लावत नाही.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. वॉशिंग मशीनच्या बोर्डाचा बहुतेक भाग लाइनपासून सुटा नसतो. तिथे बसच्या मायनसला क्लिप लावली, की फेज उणे बाजूला जाईल त्या प्रत्येक अर्ध्या चक्रात ती क्लिप अर्थच्या मानाने ३२५ व्होल्टपर्यंत खाली जाते. म्हणजे प्रोब जिथे लागते त्या स्कोपच्या बीएनसी सॉकेटची धातूची कडा आणि यूएसबी पोर्टचं कवचही तिथे गेलं. चांगल्या यंत्रांत बीएनसीवर प्लास्टिकचं आवरण असतं, स्वस्तात धातू उघडा असतो. विकत घेताना हे डोळ्यांनी बघा. आणि चार्जरला लावलेला स्कोप लाइव्ह बोर्डावर कधी लावू नका. यूएसबीच्या वायरीतून लॅपटॉप किंवा चार्जर त्या व्होल्टेजशी जोडला जातो. चार्जिंग रात्री, मोजणी दिवसा.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टेबलाखाली ठेवाच, २३० ला २३० चा. त्याने अर्थकडून येणारा झटका टळतो. पण दोन क्लिपा दोन ठिकाणी लावल्या तर ट्रान्सफॉर्मर काही वाचवत नाही, तो शॉर्ट बोर्डाच्या आतच होतो. लाइनला सिरीजमध्ये लावलेला दिवा लाइनचा करंट अडवतो, पण भरलेल्या कपॅसिटरमधला नाही. तुमच्याकडे असेलच.

आता व्होल्टची मर्यादा. २३० व्होल्ट ही आरएमएस किंमत, लाटेचं टोक ३२५ आणि खालून वरपर्यंत ६५०. प्रोब एक्स-१० वर असेल तर स्कोपला त्याचा दहावा भाग दिसतो. एक्स-१ वर ठेवून चुकून लाइनला लावली तर इनपुट जातं, आणि ही चूक घाईत सगळ्यांकडून होते. म्हणून मी प्रोबवरचं ते सरकणारं बटण एक्स-१० वर सरकवून टेपने चिकटवून ठेवतो. मिलिव्होल्टचं काम निघालं तर वेगळी प्रोब काढतो.

यंत्रावर लिहिलेला कॅट २, कॅट ३ हा आकडा वाचायची सवय लावा. कॅट २ म्हणजे सॉकेटला लावलेली उपकरणं, कॅट ३ म्हणजे इमारतीतलं पॅनेल आणि कायमची जोडणी, कॅट ४ म्हणजे मीटरकडे येणारी लाइन. ६०० व्होल्टच्याच यंत्राला कॅट २ मध्ये ४,००० व्होल्टचा क्षणिक झटका सोसायचा असतो, कॅट ३ मध्ये ६,०००, कॅट ४ मध्ये ८,०००. व्होल्ट तेच, पण मागे उभा असलेला करंट वेगळा. शेतातल्या पंपाच्या पॅनेलमध्ये हा फरक खरा होतो. आपल्याकडे हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, थ्री फेज शेतीला ठरावीक तासच येते, ती आली की वाटेतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, आणि त्या क्षणी लाइनवर काय काय येतं ते मी पाहिलंय. अशा ठिकाणी मी थ्री-इन-वन यंत्राचं मीटरसुद्धा लावत नाही. तिथे कॅट ३, ६०० व्होल्टचं वेगळं मल्टिमीटर, आतला फ्यूज सिरॅमिकचा. काचेचा फ्यूज असलेलं मीटर पॅनेलला नेऊ नका.

सोलर कंट्रोलरबद्दल एक वाक्य जास्त लिहितो, कारण ते काम तुमच्याकडे नवीन आहे. पॅनेलची सिरीज पाचशे व्होल्टच्या पुढे सहज जाते, आणि तो डीसी आहे. एसीचा ठिणगीचा जाळ दर अर्ध्या चक्राला शून्यावर येऊन विझतो, डीसीचा विझत नाही. क्लिप लावायची किंवा काढायची ती डीसी आयसोलेटर बंद करून, बसचे कपॅसिटर उतरल्याची मीटरने खात्री करूनच.

मेगाहर्ट्झकडे येतो. ढोबळ हिशोब असा, की ०.३५ ला बँडविड्थने, म्हणजे स्कोपच्या मेगाहर्ट्झच्या आकड्याने, भागलं की स्कोपला दिसू शकणारा सर्वात वेगवान चढ, म्हणजे लाट खालून वर जायचा वेळ, मिळतो. १० मेगाहर्ट्झला ३५ नॅनोसेकंद, ४० ला साधारण ९, ७० ला ५. आयजीबीटीच्या गेटचा चढ शेकडो नॅनोसेकंदांचा, म्हणून १० मेगाहर्ट्झवर तो ठीक दिसतो. पॉवर सप्लायमधल्या मॉस्फेटचा चढ २० ते ५० नॅनोसेकंद असू शकतो, तिथे १० मेगाहर्ट्झ तुम्हाला खोटं समाधान देतो. लाटेच्या टोकावरची थरथर, जी मॉस्फेट मारते, ती गुळगुळीत होऊन जाते. शिवाय बँडविड्थच्या टोकाला पोचलं की लाटेची उंची खऱ्याच्या ७० टक्केच दिसते. तुमच्या कामाला १० नको, ४० पुरतात. १०० साठी जास्तीचे पैसे घालू नका.

बँडविड्थपेक्षा लोक जिच्याकडे कमी लक्ष देतात ती गोष्ट म्हणजे मेमरी. ओवॉनच्या एचडीएस२०० मालिकेत ८ हजार बिंदू साठतात. ड्राइव्ह सुरू होताना बस कसा चढतो आणि पल्स कधी येतात ते बघायला तुम्ही पडद्यावर २०० मिलिसेकंद घेतलेत, तर सेकंदाला ४० हजार नमुनेच मिळणार. ड्राइव्हचा पीडब्ल्यूएम, म्हणजे स्विच चालू-बंद करणारे पल्स, ८ किलोहर्ट्झचा असेल तर एका चक्राला पाच बिंदू. सप्लायचा २० किलोहर्ट्झ असेल तर दोनच. अशा वेळी पडद्यावर एक हळू डुलणारी लाट दिसते, आणि ती बोर्डात नसतेच. मी सुरुवातीला अशा लाटेमागे अख्खी दुपार घालवली होती, फिल्टरचे कपॅसिटर बदलत. संशय आला की टाइम बेस, म्हणजे पडद्यावर किती वेळ दिसतो ती सेटिंग, दहापट वेगवान करा. लाटेची फ्रिक्वेन्सी बदलली तर ती खोटी होती.

म्हणून हळू घटना आणि वेगवान घटना वेगवेगळ्या मोजा, सिंगल ट्रिगर लावून, म्हणजे घटना एकदाच पकडून पडदा थांबवून. रिले चिकटताना किती वेळा उडतो, सॉफ्ट स्टार्टमध्ये बस कुठे अडकतो, हे सिंगल ट्रिगरशिवाय सापडत नाही. स्कोप घेताना पडदा किती सुंदर आहे यापेक्षा ट्रिगरची लाट जागेवर ठाम उभी राहते का, ते बघा.

मल्टिमीटरचा भाग. ओवॉनचा २० हजार काउंटचा आहे, टेबलावर उत्तम. पण बहुतेक थ्री-इन-वन यंत्रांत एका वेळी एकच चालतं, स्कोप किंवा मीटर. दुरुस्तीत मला नेहमी दोन्ही एकदम लागतात: मीटर बसवर आणि स्कोप गेटवर. म्हणून तुमचं जुनं मीटर विकू नका. ड्राइव्हच्या आउटपुटचं व्होल्टेज या मीटरने मोजलंत तर पीडब्ल्यूएममुळे आकडा भलताच येईल, तो बघून ड्राइव्ह खराब ठरवू नका. आणि मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन यातल्या कशानेच कळत नाही, त्याला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटरच हवं. खानापूर, जांबोटीकडून पावसाळ्यात येणारे पंप मी मेगर केल्याशिवाय ड्राइव्हला जोडतच नाही. निम्म्या वेळा ड्राइव्ह चांगला असतो, पाणी मोटरमध्ये असतं.

सिग्नल जनरेटर तुम्हाला किती लागेल? प्रामाणिकपणे, कमी. अँप्लिफायर दुरुस्त करत असाल तर रोज लागेल. तुमच्याकडे तो लागेल ऑपअँपचा टप्पा तपासायला, एन्कोडरसारखे पल्स द्यायला, किंवा ट्रान्सफॉर्मरला चौकोनी लाट देऊन त्याची थरथर बघायला. वेढे शॉर्ट असतील तर ती थरथर एकदम मेलेली दिसते, ही युक्ती सप्लायच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला फार कामाची आहे. पण याचं आउटपुट काही व्होल्टांचंच असतं, पीएलसीचं २४ व्होल्टचं इनपुट त्याने थेट चालत नाही, मध्ये एक ट्रान्झिस्टर लावावा लागतो. आणि जनरेटरचं टोक कधी चालू सप्लायच्या बिंदूला लावू नका. आउटपुटचा टप्पा लगेच जातो, आणि थ्री-इन-वन यंत्रातला एक भाग गेला की उरलेलं यंत्रही दुरुस्तीला आठवडाभर बाहेर राहतं.

तर, कोणतं घ्यायचं. हे तुमच्या कामाच्या वाटणीवर आहे. दहातली आठ कामं बॅटरी इन्व्हर्टर आणि यूपीएस असतील, तर फ्निर्सीचं २सी२३टीसुद्धा, १० मेगाहर्ट्झ आणि सेकंदाला ५ कोटी नमुन्यांचं, शिकायला आणि गेट बघायला चालेल. पण सप्लाय आणि ड्राइव्ह वाढणार असतील, आणि तुमच्या लिहिण्यावरून ते वाढताहेत, तर ४० मेगाहर्ट्झ आणि सेकंदाला २५ कोटी नमुन्यांच्या वर्गात या: ओवॉन एचडीएस२४२एस किंवा हँटेक २डी४२. दोन्ही चॅनेल चालू केले की नमुने वाटले जातात, हे लक्षात ठेवा. ऑर्डर देताना शेवटचं अक्षर नीट वाचा. ओवॉनमध्ये एस असेल तरच जनरेटर मिळतो, हँटेकमध्ये २डी ला आहे आणि २सी ला नाही. गेल्या वर्षी गोकाकच्या एका ओळखीच्या माणसाने अक्षर न बघता मागवलं आणि जनरेटर नसलेलं आलं.

माझ्यापुरतं मी ओवॉन घेतो, एका साध्या कारणासाठी: त्यातले १८६५० चे दोन सेल बाहेर काढून बदलता येतात. बॅटरी आत चिकटवलेलं यंत्र दोन-तीन वर्षांनी टेबलावरचं यंत्र होऊन बसतं. पैसे कमी पडत असतील तर जनरेटर नसलेलं २४२ घ्या आणि वाचलेले पैसे डिफरन्शियल प्रोबसाठी बाजूला ठेवा. ती येईपर्यंत ड्राइव्हचा वरचा गेट बघायचा नाही, खालचाच बघायचा, एका क्लिपवर. माझं मत विचाराल तर प्रोब आधी, जनरेटर नंतर.

करंट बघायचा असेल तर हँटेकचा सीसी-६५ क्लॅम्प स्कोपला लावता येतो, ६५ अँपिअरपर्यंत, एसी आणि डीसी दोन्ही. फक्त त्याची मर्यादा २० किलोहर्ट्झ आहे. इन्व्हर्टरची बॅटरी किती ओढते ते बघायला झकास, सप्लायच्या मॉस्फेटचा करंट बघायला नाही.

आमच्या भागातली एक अडचण तुमच्याकडे कमी असेल, तरी सांगतो. उद्यमबागेत फाउंड्रीची धूळ असते, त्यात लोखंडाचे कण. ते यूएसबी पोर्टमध्ये आणि बीएनसीच्या पिनांत बसतात आणि गळती होते. निपाणीत तंबाखूच्या गोदामांची धूळ वीज वाहत नाही, पण ओल धरते. दोन्हीकडे उपाय एकच: झाकणाचा डबा, आणि महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला ब्रश.

यंत्र हातात आलं की पहिल्याच दिवशी एवढं करा. प्रोब स्कोपच्या स्वतःच्या चौकोनी लाटेच्या टोकाला लावा, आणि प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवून लाटेचे कोपरे सपाट करा. ते गोल किंवा टोकदार राहिले तर पुढची प्रत्येक मोजणी चुकेल. मग गाडीची १२ व्होल्टची बॅटरी दोन्ही चॅनेलवर मोजा, आकडा तुमच्या जुन्या मीटरशी जुळतो का बघा. शेवटी मीटर ओहमवर लावून पहिल्या चॅनेलच्या काळ्या क्लिपपासून दुसऱ्या चॅनेलच्या काळ्या क्लिपपर्यंत मोजा. शून्य ओहम येईल. तो आकडा तुमच्या मदतनीस मुलालाही दाखवा, मगच त्याला ड्राइव्हजवळ स्कोप न्यायला द्या.